बहात्तर तास

रविवारी सकाळी अकरा वाजता मुदत संपली. त्या वेळी क्रांती आकाराम चौगुले, वय तेवीस, एमबीबीएस शेवटचे वर्ष, कोडोलीच्या चौकात फेटा बांधून उघड्या जीपमध्ये उभी होती. जीप हलत नव्हती. सत्काराचे प्रमुख पाहुणे, आमदार साहेब, यायचे होते.

इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात चार आठवडे राहून शिकण्यासाठी तिची निवड झाली होती, कॉलेजातून एकटीची. मागितलेल्या कागदांपैकी एकच उरला होता, क्षयरोगाच्या माँटू टेस्टचा. हाताच्या कातडीत औषध टोचतात आणि अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्टर तिथला फुगवटा मोजून सही करतात. नंतरचे माप धरत नाहीत. फॉर्म सोमवारी संध्याकाळपर्यंत गेला नाही, तर जागा पुढच्या नावाला जाणार होती.

शहरात, राजारामपुरीतल्या डॉ. दिलदार मुजावरांनी गुरुवारी अकराला टोचले आणि शनिवारी अकरानंतर कधीही ये म्हणून सांगितले. शनिवारी क्रांती पन्हाळ्यावर होती. सत्काराच्या व्हिडिओसाठी अ‍ॅप्रन घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून तटावरून चालायचे होते. उजेड मावळतीचाच हवा, असे फोटोवाल्याचे मत पडले. तिने फोन केला तेव्हा मुजावर म्हणाले, "रविवारी मी दवाखाना उघडत नाही. तुझ्यासाठी नऊला येऊन बसतो. अकराच्या आत ये."

मिरवणूक काका उदयसिंह यांनी आठाची ठरवली होती. नऊला जीप सजली. दहाला साहेबांच्या माणसाचा फोन आला की साहेब निघालेत. सव्वादहालाही ते निघालेलेच होते.

"काका, आता मला जायलाच पाहिजे," क्रांती म्हणाली.

"आगं, साहेब वाटंत हाईत. फुगलेलं कुठं पळून जातंय व्हय? तुझ्याच हाताला हाय की!"

जीपभोवतीची पोरे हसली. क्रांतीही हसली. जीपला दार नव्हते, उतरायला एक पाऊल पुरले असते. ते तिने टाकले नाही.

साहेब अकरा चाळीसला आले आणि नऊ मिनिटे थांबले. "गोऱ्यांची ऑपरेशनं आता कोडोलीची पोरगी करणार," असे ते बोलले. रुग्णाला हात लावायचा नाही, फक्त बघायचे, असे तिच्या निवडपत्रात दोन ठिकाणी लिहिले होते. टाळ्या पडल्या. क्रांतीने हात जोडले.

दुपारी दोनला काका आणि वडील तिला घेऊन मुजावरांच्या घरी पोचले. दवाखान्याच्या वरच ते राहतात.

"डॉक्टर, निस्ता एक आकडा लिव्हायचा हाय," उदयसिंह म्हणाले.

"कितीचा?"

"तुमीच सांगा की. चांगला असंल तो."

"उदयसिंगराव, हा लग्नातला आहेर हाय का?"

"तीन तासांनी काय बिघडतंय वो?"

"ते तुमच्या पुतणीला विचारा. तिला शिकवलंय."

क्रांतीने बाही खाली ओढली.

"नऊपासून बारापर्यंत बसलोतो मी खाली," मुजावर म्हणाले. "चहावाला म्हणाला, कुणाची वाट बघताय? म्हटलं, डॉक्टरची."

मग त्यांनी मार्ग सांगितला. आज पुन्हा टोचू. रुग्णालयाला आत्ताच मेल कर, माप घ्यायची वेळ चुकली म्हणून कळव, तीन दिवस मागून घे. मी पत्र देतो.

"तसंच करूया की," वडील आकाराम म्हणाले.

"आणि कारण काय लिव्हणार?" उदयसिंह उसळले. "सत्कारात अडकलो म्हणून? अब्रू जाईल की गावाची!"

गावाच्या अब्रूपुढे वडिलांनी मान डोलावली. टोचून न घेताच तिघे जिना उतरले.

सोमवारी दुपारी उदयसिंह सही-शिक्क्याचा फॉर्म घेऊन आले. सही गावच्या दूध संस्थेच्या जनावरांच्या डॉक्टरची होती.

"काका, हे जनावरांचे डॉक्टर आहेत."

"मग? म्हशीची टीबी त्योच बघतोय. म्हशीची कळती, तर माणसाची कळायची न्हाय व्हय? आनि शिक्का बघ, म्हशीचं नाव कुठं हाय का त्यात?"

नव्हते. शिक्क्यात नाव आणि नोंदणी क्रमांक एवढेच होते. माप चार मिलिमीटर, म्हणजे निर्धोक, वेळ रविवार सकाळी साडेदहा. त्या डॉक्टरांनी क्रांतीचा हात पाहिला नव्हता. साडेदहाला हात कुठे होता, हे चौकातल्या सगळ्यांना माहीत होते. क्रांतीने फॉर्म दोनदा वाचला आणि चार वाजून दहा मिनिटांनी स्वतःच्या लॅपटॉपवरून, स्वतःच्या बोटाने पाठवला.

मंगळवारी दुपारी उत्तर आले. फॉर्म मिळाला. सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक डॉक्टरांच्या यादीत सापडत नाही. त्यांची नोंद कोणत्या परिषदेकडे आहे, ते बुधवारी रात्री साडेनऊपर्यंत कळवावे. तोपर्यंत जागा राखून ठेवली आहे. विमानाचे तिकीट काढू नये.

बुधवारी चार वाजेपर्यंत तिने उत्तर दिलेले नव्हते. चार वाजून सहा मिनिटांनी मुजावरांच्या फोनवर तिचा मिस्ड कॉल आला. ते रुग्ण तपासत होते. त्यांनी उलटा फोन लावला तेव्हा ती दुसऱ्या कॉलवर होती.