विजेच्या कुकरात संपाचा भात

हेरंबचं लग्न झालं ते साल २०१६. नवरी सुमेधा दादरची, कारकुनी करणाऱ्या घरातली. तिच्या रुखवतात लाडू-चिवड्याच्या ताटांशेजारी विजेवर चालणारा प्रेशर कुकर मांडला होता. हेरंबची आजी शेवंता तो न्याहाळत म्हणाली, "ह्येका आग लागणा नाय? मग ह्यो शिजवतलो कसो?" मांडवात हशा पिकला आणि कुकर वर्षभर खोक्यातच पडून राहिला.

पुढच्या जानेवारीच्या सुरुवातीला शेवंताने गॅसवर पेजेचा टोप चढवला आणि खिडकीशी बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. टोप जळून कोळसा झाला, घरभर धूर. तिचा मुलगा, हेरंबचा बाप उत्तम, कामावरून आला आणि त्याने गॅसचा कॉक बंद केला.

"आये, आजपासून गॅसला हात लावायचा नाही. सुमेधा नोकरीला जाते, तिला जमायचं नाही. एक तारखेपासून डबा लावतो."

"डबो? माझ्या घरात?"

शेवंताच्या कानशिलात कोणी मारली असती तरी तिला एवढं लागलं नसतं. करी रोडला आज ते राहतात तो टॉवर आहे, तिथेच त्यांची चाळ होती. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तिची खाणावळ चालायची. गिरणीतले चौदा गडी तिच्या हातचं जेवायचे. दोन टोप असत. कोकणातल्यांना उकडा भात आणि पेज, घाटावरच्यांना कोलम. ब्याऐंशी सालच्या अठरा जानेवारीला संप लागला, गडी गावाला गेले, आणि थोडे परत आले तेव्हा ज्याच्या घरात जे होतं ते फडक्यात बांधून घेऊन आले. कोणाचा उकडा, कोणाचा लाल पाटणी, कोणाचा कोलम. दोन टोपांना रॉकेल पुरेना. शेवंताने सगळं एकाच टोपात शिजवलं. आधी उकडा, तो अर्धा झाला की पाटणी, शेवटी कोलम. एकही दाणा कच्चा नाही, एकाचाही गोळा नाही. त्या चौदातले दोघेच आता मुंबईत उरले होते, मालवणचा दत्ताराम आणि साताऱ्याचा कुशाबा. दर अठरा जानेवारीला दोघे तिच्याकडे तोच भात जेवायला येत.

"अठराला ते येतले," शेवंता म्हणाली.

"बाहेरून पुलाव मागवू."

"संपाचो भात मीच करतलंय. गॅस नको तर नको. तो खोको काढ."

उत्तम हसला. "तुझ्याने होणार नाही, आये."

"झालो तर?"

"झाला तर स्वयंपाकघर तुझं. डब्याचं नाव काढणार नाही."

सुमेधाने रविवारी कुकर ओट्यावर ठेवला. "आजी, हे भाताचं बटण. दाबलं की झालं."

"खंयचो तांदूळ, ता इचारणा नाय?"

"नाही. त्याला सगळे तांदूळ सारखेच."

"मगे त्येका अक्कल नाय. शिटये किती?"

"शिट्टी होतच नाही, आजी. आपोआप बंद होतो."

पहिल्या दिवशी शेवंताने कोलम घेतला आणि आयुष्यभराच्या सवयीने तांदळावर बोटाचं एक पेर पाणी ठेवलं. झाकण उघडलं तर खळ. उघड्या टोपात पाणी वाफेने उडून जातं, इथे वाफच कोंडलेली. तिने ती खळ गुपचूप खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी वाटीला वाटी पाणी घातलं. भात मोकळा झाला.

उकड्याने मात्र तिला रडवलं. वरचं पाणी वेळून पेज काढायची म्हणून तिने भांडं काठोकाठ भरलं. वाफ सोडायला वरची कळ फिरवली आणि पांढऱ्या फेसाचं कारंजं थेट नव्या टाइल्सवर उडालं. उत्तम आतून धावत आला.

"बघितलंस? सोड हा हट्ट!"

"टाइल पुसूक येता माका," शेवंता म्हणाली आणि फडकं घेऊन पुसायला लागली.

त्या आठवड्यात तिने उकडा चारदा शिजवला. रात्रभर भिजवायचा, भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, आणि वाफ आपली आपण बसू द्यायची, घाई करायची नाही. एवढं तिला कळलं. पण अडचण वेगळीच होती. टोपाचं झाकण काढून मध्येच पाटणी टाकता येई. हे झाकण मध्येच उघडायचं कसं?

अठराला दुपारी दोघे म्हातारे आले. दत्तारामाने दारातूनच हाक दिली, "वैनी, पेज खंय आसा?"

"आदी बस मरे!"

कुकरात उकडा शिजत होता. शेवंताने घड्याळ बघितलं आणि वेळ संपायच्या आधीच बंद करायचं बटण दाबलं.

उत्तम ओरडला, "आये, मध्येच बंद करायचं नसतं! पुस्तकात लिहिलंय!"

"पुस्तक लिवणाऱ्यान संपात भात शिजवलेलो काय?"

कुशाबा मांडी ठोकून हसला. "अरं उत्तम, वैनीनं मशीन बंद पाडली! तिच्या नादी लागतूस व्हय?"

वाफ बसेपर्यंत शेवंता पाठ ताठ करून ओट्याशी उभी राहिली. मग झाकण उघडलं, वरची पेज वाडग्यात काढली, सकाळपासून भिजलेला पाटणी आणि धुतलेला कोलम आत लोटला, थोडं पाणी घातलं, झाकण फिरवलं आणि बटण पुन्हा दाबलं. सुमेधा नखं खात होती.

झाकण निघालं. वरचा कोलम पांढरा, सुटा. मधे लाल पाटणी. खालून डावाने उकडा वर आला, टपोरा, दाणा न दाणा वेगळा.

दत्तारामाने पेजेचा घोट घेतला आणि डोळे मिटले. कुशाबाने कालवणाची वाट न बघता नुसताच भात तोंडात घातला.

उत्तम संपाच्या वेळी तेरा वर्षांचा होता आणि या भाताचा तेव्हा त्याला राग यायचा. तो भिंतीला टेकून उभा होता.

"जेवतलंस की डबो मागवू?" शेवंताने विचारलं.

त्याने पाट ओढला. दुसऱ्यांदा भात मागताना तो आईकडे बघत नव्हता, पण ताट पुढे करत होता.

डबा कधीच लागला नाही. टाइल्सवरचा एक डाग शेवटपर्यंत निघाला नाही, आणि शेवंताने तो नंतर पुसायचंही सोडून दिलं.

कुशाबा २०१९ च्या मे महिन्यात गावी वारला. दत्ताराम त्याच वर्षी दिवाळीनंतर गेला. शेवंता ९ मार्च २०२१ रोजी, मंगळवारी सकाळी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी करी रोडच्या घरी वारली.