फळी भरली, जाऊ दे

मित्रांनो, माझं वय विचारू नका, माझ्या झिजलेल्या जबड्यांवरून ओळखा. मी एक पाना आहे. तापलेलं पोलाद ठोकून मला घडवलं आणि विमानवाहू जहाजावरच्या एका मेकॅनिकच्या हाती दिलं. तेव्हा ते चांगले तरणेबांड होते, पण या घरात ते आजोबाच. म्हणून मीही त्यांना तेच म्हणतो.

जहाजावर आम्हा हत्यारांची एक फळी होती. तिच्यावर प्रत्येकाची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती. विमानाचं काम संपलं की आम्ही आपापल्या आकृतीत परत जायचं. एक जागा जरी रिकामी दिसली तरी विमान हलत नसे, मग वरिष्ठ कितीही ओरडोत. आत विसरलेलं हत्यार आभाळात गेल्यावर कुठे अडकेल याचा काय नेम? आजोबा फळीवरून नजर फिरवत आणि म्हणत, “फळी भरली. जाऊ दे.” मगच इंजिन सुरू होई.

आजोबा निवृत्त झाले तोवर माझे जबडेही सैल झाले होते. आम्हा दोघांना एकदमच घरी पाठवलं. त्यांचा मुलगा त्याच जहाजावर वैमानिक झाला. मी मात्र खणात खिळ्यांच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या संगतीत पडून राहिलो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

पुढे नात हेलिकॉप्टर चालवायला शिकली. जहाजावर उतरायच्या पहिल्या परीक्षेला ती निघाली, तेव्हा तिच्या बाबांनी मला पुसून तिच्या हाती दिलं. “आजोबा सोबत आहेत असं समज,” ते म्हणाले. आजोबांना मात्र त्यांनी विचारलं नाही. सुटं हत्यार विमानात न्यायचं नसतं, हे जन्मभर विमान चालवलेला माणूस लेकीच्या मायेपोटी विसरला.

तिच्या मांडीवरच्या खिशाची चेन नीट लागली नव्हती. सीटवर बसताना मी घसरलो आणि पायाशी कुठेतरी आत गेलो. इंजिन सुरू होणार, एवढ्यात तिने खिसा चाचपला. माझी आकृती आता कुठल्याच फळीवर नव्हती. ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. शिवाय जहाज त्याच दुपारी लांब निघून जाणार होतं.

“सर, थांबा,” ती शेजारच्या शिक्षकांना म्हणाली. “माझ्या खिशातला पाना आत पडलाय.”

“पाना? तुझ्या खिशात?”

“हो सर. चूक माझी आहे.”

तळाची झाकणं उघडावी लागली. पायाने दाबायच्या दांडीला अगदी खेटून मी पडलो होतो. मी सापडलो, पण तोवर जहाज निघून गेलं आणि परीक्षा हुकली.

घरी बाबा मान वर करेनात. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

“कुणी पकडलं तुला?”

“कुणी नाही. मीच सांगितलं.”

“मग रडतेस कशाला? परीक्षा पुन्हा होईल.” मग ते मुलाकडे वळले. “आणि तू रे शहाण्या, जा, पांढरा रंग घेऊन ये.”

दाराजवळ त्यांनी एक फळी ठोकली आणि मला तिच्यावर धरून भोवती ब्रश फिरवला. हात थरथरत होता, त्यामुळे माझी आकृती वाकडीच आली आहे. पुढच्या खेपेला नात रिकाम्या खिशाने गेली आणि जहाजावर उतरून आली.

आजोबा आता नाहीत. मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी म्हणणार नाही. काम झालं की वस्तू जागच्या जागी ठेवा आणि हरवली तर वेळेवर सांगा, एवढंच माझं मागणं. आजही नात कामावर निघाली की बाबा दाराशी येतात, एकदा माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, “फळी भरली. जाऊ दे.” ते ऐकल्याशिवाय ती पायरी उतरत नाही.