आत न जाणारा खिळा

दिवस मावळायला आला की वस्तीबाहेरच्या सुक्या झाडीपाशी दोनशे माणसं जमू लागली. मध्ये कंदील लावून कानवाले महाराज बसायचे. मेलेल्यांचं बोलणं ऐकू येतं म्हणून ते कानवाले; जिवंतांना मात्र ते तोंड उघडू देत नसत. दोन लाकडं एकमेकांवर आपटून ते पुकारायचे, "मिस्त्री, आहेस का?" आणि झाडीतून उत्तर यायचं. ठक्, ठक्, ठक्. लोक डोळे पुसायचे.

मिस्त्री म्हणजे माझा थोरला भाऊ. सुतार. या सगळ्याच्या तीन महिने आधी तो गेला आणि वहिनीनं सुतारखाना चालवायला घेतला. तिचं आणि दोन पोरींचं पोट त्याच्यावरच होतं. महाराजांना हातोडा ऐकू आला तो त्यानंतर.

"हत्यारांना बाईचा हात लागलाय," महाराज सांगत. "आत्मा तळमळतोय. सुतारखाना धाकट्या भावाला द्या, लगेच शांत होतो की नाही बघा."

धाकटा भाऊ म्हणजे मी. मी मान खाली घालून उभा राहायचो. लोकांना ते दुःख वाटायचं.

पाचव्या संध्याकाळी वहिनी आली.

"महाराज, हे ठोकतायत तरी काय?"

"खिळा, बाई. तुझ्या पापाचा."

"मग तो आत का जात नाही?"

महाराजांनी पुन्हा लाकडं आपटली. ठक्, ठक्, ठक्.

"पंधरा वर्षं मी भिंतीपलीकडे स्वयंपाक करत ह्यांचा हातोडा ऐकलाय. खिळा बसत आला की आवाज बदलतो. इथे शंभर ठोके झाले, आवाज आपला तोच. इतका कच्चा सुतार आमच्या घरात नव्हता."

कुणीतरी हसलं. वहिनी टॉर्च घेऊन सरळ झाडीत शिरली. ठोके थांबले, आणि तिच्या पायाजवळचा पाचोळा पंख पसरून उडाला.

"रातवा पक्षी आहे तो," गर्दीतल्या शाळेच्या बाई म्हणाल्या. "वाळक्या पानांसारखा दिसतो, पायाखाली येईपर्यंत कळत नाही. अंधारात किडे खातो. कंदिलावर किडे जमतात, म्हणून इथेच राहिला. लाकडं आपटली की त्याला वाटतं दुसरा नर आला, मग तो असा ठक् ठक् ओरडतो."

महाराजांनी लाकडं काखेत मारली आणि काढता पाय घेतला. लोक त्यांना शिव्या घालत पांगले. मला कुणी काही बोललं नाही.

मी वीस वर्षं खिळे ठोकतोय. तो हातोडा नाही, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. मला सुतारखाना हवा होता, म्हणून गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

वहिनीची माफी मागायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, काकांना कळलं नाही असं मी पोरींना सांगितलंय. तेवढं खोटं राहू द्या."

मी ते राहू देणार नाही. पोरी आता मोठ्या झाल्यात, हे वाचतील. तुम्हीही वाचा, आणि पुढच्या वेळी चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी दोन गोष्टी विचारा. हे घडतं कसं? आणि हे खरं मानलं तर फायदा कुणाचा? मला कुणी हे विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी माझी बोबडी वळली असती.