वाळूच्या खड्ड्याखालची वाफ

बेळ्ळंदूरच्या आमच्या इमारतीत मातीला हात लावायला एकच जागा आहे, मुलांचा वाळूचा खड्डा. माझी दोन वर्षांची आश्लेषा तिथेच रमते. आणि नेमकं तिथेच खोदायचं घाटत होतं.

घाट माझ्या सासऱ्यांचाच. अण्णांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला. लडाखमध्ये जमिनीतल्या उष्णतेवर वीज करायचं चाललंय, हे त्यांनी वाचलं आणि सोसायटीचे अध्यक्ष मल्हारराव यांना पटवलं, की खालची वाफ मिळाली तर जनरेटर विकता येईल. पण खोदायचं कुठे? म्हणून रविवारी पाणाडी शिवाप्पा आले. तळहातावर आडवा नारळ घेऊन ते चालतात आणि खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. वाफ म्हणजे शेवटी पाणीच, असं अण्णांचं म्हणणं.

नारळ वाळूच्या खड्ड्यावर उभा राहिला. बघायला जमलेल्यांपैकी दोघांनी तर चपलाही काढल्या.

मी आधीच वाचून ठेवलं होतं. आपल्याकडचा खडक जुना नि थंड, चौदाशे फूट गेलं तरी पाच-सहा अंशच वाढणार. तेवढ्याने आश्लेषाच्या अंघोळीचं पाणीसुद्धा तापत नाही. अण्णांना सांगितलं तर कानडी वळणाने म्हणाले, स्वल्प थांब.

लहान मूल असलं की दुसऱ्यांच्या हातांवर नजर ठेवायची सवय लागते. माझ्या लक्षात आलं, नारळ उठण्याआधी शिवाप्पांचा अंगठा उठतो आणि अंगठा उठतो तो अण्णांनी मान डोलावली की.

मी शिवाप्पांना म्हटलं, एकदा पार्किंगमध्येही बघा ना. तिथे मल्हाररावांच्या नव्या गाडीपुढे मी कीर्तनात डोलवावी तशी मान डोलावली.

नारळ ताडकन उभा.

“इथं तर उकळायलंय, अक्का,” शिवाप्पा म्हणाले. “गाडी काढा.”

मल्हारराव गाडीला पाठ टेकून उभे राहिले. “उष्णता इतकी वर्षं खाली आहे, अजून थोडी राहील. आधी गच्चीवर सोलर बघू.”

अण्णा एकटेच खड्ड्याकडे परत निघाले. मला कसंसंच वाटलं. खाली उष्णता आहे हे काही खोटं नव्हतं, फक्त आमच्यापासून ती फार खोल होती. संध्याकाळी ते खड्ड्याच्या कडेला बसून नातीला पृथ्वीचं पोट समजावत होते. तिने त्यांच्या हातावर वाळूचा गोळा ठेवला.

“गरम?”

“गार आहे गं,” त्यांनी कबूल केलं.

तिने आपलं प्लॅस्टिकचं फावडं त्यांच्या हातात दिलं.