बेल्ह्याच्या भाषणातला म्हातारा

भरत कुटे कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचा आणि थंडीच्या दिवसांत विद्यापीठाच्या बहिःशाल व्याख्यानमालेत गावोगाव बोलायला जायचा. ग्रामपंचायतीचं सभागृह, देवळाचा मंडप, शाळेचं पटांगण, जिथे सतरंजी आणि माईक असेल तिथे. जागतिकीकरण, केबल टीव्ही, निवडणुका, जात असे नाना विषय असायचे, पण त्याचा हातखंडा विषय म्हणजे 'खेड्यातलं बदलतं कुटुंब'. तो पिंपरी पेंढारचा, शेतकऱ्याघरचा. ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसा बोलायचा. काही गावांचे आयोजक 'कुटे सरच पाठवा' असं विद्यापीठाला कळवायचे, आणि हे कानावर आलं की त्याला दिवसभर बरं वाटायचं.

एका साली दिवाळीला लागूनच त्याचं व्याख्यान घोडेगावला होतं. उतरायची सोय हस्तीमल शेठकडे. हस्तीमल तिथले जुने भुसार व्यापारी. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठचं मराठी भरतच्या कॉलेजातल्या कितीतरी प्राध्यापकांपेक्षा अस्सल. भरत स्टँडवरून चालत दुकानाशी पोचला तेव्हा आत पोत्यांच्या आडोशाला एक म्हातारा सूप घेऊन हुलगे पाखडत बसला होता. त्यानं मान वर केली आणि सूप हातातच राहिलं. ते पठारावरच्या आणे गावचे रखमाजी होते.

भरतच्या भावकीतली एक आत्या आण्याला दिलेली. रखमाजी तिचे यजमान, म्हणून तो त्यांना मामा म्हणायचा. आत्या वारली, त्यानंतर जाणंयेणं आटलं होतं. तरी एक गोष्ट त्याला ठाऊक होती, कारण ती साऱ्या पठाराला ठाऊक होती: दर दिवाळीला रखमाजी मुलाकडे, सूरजकडे, भोसरीला राहायला जातात. सूरजला कंपनीतून सुट्टी मिळत नाही, पण तो आग्रहानं बोलावतो. येताना सून पेढ्यांचा पुडा देते, आणि रखमाजी एसटीतून उतरले की आधी आळीत घरोघर पेढा वाटतात, मगच स्वतःच्या घराचं कुलूप काढतात.

"मामा, भोसरीला नाही गेलात?" भरतनं विचारलं.

रखमाजी त्याला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे त्यांनी सांगितलं ते असं, की सूरजचं बोलावणं येऊन कैक वर्षं झाली. पण गावात सणाला एकटं दिसलं की लोक विचारणार. म्हणून ते दिवस ते इथे काढतात. तरुणपणी पठारावर दुष्काळ पडला तेव्हा ते हस्तीमलच्या वडिलांकडे हमालीला होते, ती ओळख अजून टिकून होती. शेठ माडीवर निजायला जागा देतात, शेठाणी सज्जनबाई वेळेवर ताट वाढतात, आणि फुकट खायचं नको म्हणून हे धान्य निवडतात. जाताना पेढे मंचरला स्वतःच विकत घेतात.

"भरतराव, तुमी माझ्या सासुरवाडीचं माणूस," ते म्हणाले. "पठारावर एवढं कळू देऊ नका. पोरगं वाईट दिसंल, अन् मला बी त्या गावात बसाया-उठाया तोंड ऱ्हानार न्हाई."

भरतनं त्यांच्या पायांना हात लावून कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. तेव्हा त्याच्या मनात काही खोट नव्हती.

शब्द त्यानं मोडला तो हळूहळू, आणि आपण मोडतोय असं स्वतःला न सांगता. पुरंदरकडच्या एका गावात बोलताना सभा जरा पेंगायला लागली, आणि त्याच्या तोंडून निघालं, 'मी एका म्हाताऱ्याला ओळखतो.' नाव बदललं, तालुका बदलला, दुकानाचा आश्रम केला. मुलगा मात्र गोष्टीत उभा राहीना, म्हणून त्याला एक फ्लॅट दिला. पुढच्या गावी एक गाडी दिली. त्याच्याही पुढच्या गावी सोफ्यावर लोळणारं कुत्रं आलं, आणि कुत्र्याला जागा आहे पण बापाला नाही, या वाक्याला टाळी पडली. शेवटी म्हातारा दारोदार पेढा देत 'सूनबाईनं दिल्यात' म्हणतो, तिथे बाया डोळ्यांना पदर लावायच्या. एका गावात तर एका इसमानं व्याख्यानानंतर त्याचा हात धरून सांगितलं की उद्याच वडिलांना घरी घेऊन येतो. भरतनं तो इसम पुष्कळ दिवस मनाशी धरून ठेवला. गोष्टीनं भलंच होतंय, नाव तर कुणाचंच नाही, असं तो स्वतःला समजावायचा. त्याची बायको अंजना हिला मात्र सगळं माहीत होतं. बेल्ह्याचं आमंत्रण आलं तेव्हा ती भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "तिकडं तेवढं सांगू नका."

"वेडी आहेस का? मी काय बेल्ह्यात सांगेन?" तो म्हणाला. बेल्ह्यावरून घाट चढला की आणेच.

व्याख्यान सोमवारी ठेवलं होतं, बेल्ह्याचा बैलबाजार असतो त्या दिवशी, म्हणजे गर्दी आपोआप होईल. गर्दी झाली खरी, पण बाजारातली. एकीकडे टेम्पोत गुरं चढत होती, कुणी मंडपात बसल्या बसल्या सौद्याचं बोलत होतं, कुणी उठून चहाला जात होतं. भरतनं शेती आणि शहर यांतलं अंतर सांगितलं, वाटण्या सांगितल्या, आकडे सांगितले. पुढच्या रांगेतले समितीचे लोक आपसांत कुजबुजायला लागले. 'कुटे सरच पाठवा' म्हणणारे हेच लोक होते. भरतनं पाण्याचा घोट घेतला आणि तो म्हणाला, "एका गावात एक म्हातारा होता."

मंडप शांत झाला. त्या शांततेचं त्याला किती सुख वाटलं, हे त्याला नंतर आठवायचं तेव्हा सगळ्यांत जास्त लाज त्याचीच वाटायची. त्यानं मनातल्या मनात काटछाट करायचं ठरवलं. पेढे गाळायचे, एवढं नक्की केलं. पण पेढ्यांशिवाय गोष्ट लंगडी पडते हे तोंडाला ठाऊक होतं, आणि तोंड पुढे गेलं. 'सूनबाईनं दिल्यात,' तो म्हणाला, तेव्हा डाव्या बाजूला बसलेली चार-दोन माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांतला एक शेजाऱ्याला म्हणाला, फार मोठ्यानंही नाही, "ह्यो तर आपला रखमाजी."

भरतनं ते ऐकलं. ऐकूनही त्यानं गोष्ट शेवटापर्यंत नेली, कारण थांबला असता तर ते खरं आहे असं झालं असतं. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

पुढच्या रविवारी तो आण्याला गेला. रखमाजींच्या दाराला कुलूप होतं. शेजारची सारजाबाई अंगणात मटकीच्या शेंगा बडवत होती. तिनं त्याला बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. गावात कुणी हसलं नव्हतं. उलट बाया ताटं झाकून घेऊन गेल्या. आमी हाय की बाबा, म्हणून पोरं दारात उभी राहिली. काही तरण्या मंडळींनी एसटीडी बूथवरून सूरजला फोन लावून आईमाईवरून शिव्या घातल्या. रखमाजींनी दार लावून घेतलं ते उघडेनात. मग एका सकाळी गाठोडं घेऊन पहिल्या गाडीनं गेले.

"आमाला काय ठावं न्हवतं व्हय?" सारजाबाई म्हणाली. "पेढ्याच्या पुड्यावर मंचरच्या दुकानाचं नाव असायचं. अर्ध्या आळीला ठावं व्हतं. पन आमी पेढा खायाचो अन् सून गुनाची हाय म्हनायचो. त्यो बी हसायचा. तुमी त्ये माईकवर बोललासा, आता त्याच्याम्होरं कोन काय म्हननार?"

ती पुन्हा शेंगा बडवू लागली. भरतला जा असं ती म्हणाली नाही, पण परत त्याच्याकडे बघितलंही नाही.

तो तसाच घोडेगावला गेला. हस्तीमलनी त्याला दुकानात घेतलं, पण नेहमीसारखं 'या सर' म्हटलं नाही. रखमाजी माडीवर आडवे झाले होते. भरत त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि चुकलं म्हणाला. कसं चुकलं ते सांगायला लागला तर तेही व्याख्यानासारखंच व्हायला लागलं, म्हणून गप्प झाला.

रखमाजी म्हणाले, "गोष्ट लई चांगली सांगता म्हनं. मला सांगा की."

भरतनं नाही म्हणून मान हलवली.

"सांगा. साऱ्या मुलखानं ऐकली, मीच तेवढा ऱ्हायलो."

तेव्हा त्यानं सांगितली. आवाज न चढवता, खाली बघत, पण सगळी सांगितली; फ्लॅट, गाडी, सोफा. ऐकताना रखमाजींचा चेहरा स्वतःच्या फजितीच्या जागी हलला नाही. कुत्र्यापाशी मात्र त्यांनी त्याला थांबवलं.

"ह्ये कुत्रं कुठनं आनलं?"

"ते... मी घातलं, मामा."

"सूरजकडं गाडी न्हाई. कंपनी बंद पडली, तवापासनं पोरगं रोजावर जातंय. एका खोलीत चौघं निजत्यात. म्हातारा आनून निजवू कुठं, म्हनून त्यो बोलवीत न्हाई, अन् मला त्याला लाजवायचं नव्हतं. आमी दोघं बी एकमेकाला सांबाळून व्हतो." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापला. "तुमी मला इचारलंच न्हाई, भरतराव. त्या अंगनात इचारायचं, का बोलवीत न्हाई म्हनून."

भरत म्हणाला, की तो आण्याला जाऊन चार लोकांसमोर सांगेल, ही गोष्ट खोटी आहे.

"आता माईक नको," रखमाजी म्हणाले, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडले.

भरत भोसरीलाही जाऊन आला. खोली रखमाजी म्हणाले तशीच होती. सूरजनं त्याचं बोलणं उंबऱ्यात उभं राहून ऐकून घेतलं. तो भांडला नाही. आता गावच्या यात्रेलाही जाता येत नाही, एवढंच त्यानं सांगितलं, आणि पोरं अभ्यासाला बसलीत, असं म्हणून दार लोटून घेतलं.

त्यानंतर भरतनं तो विषय सोडला. पाणीप्रश्न घेतला, माहितीचा अधिकार घेतला. पण गोष्टीनं त्याला सोडलं नाही. गावोगावी कुणीतरी उठून म्हणायचं, सर, ती म्हाताऱ्याची सांगा. एकदा नारायणगावच्या बाजूला दुसऱ्याच वक्त्याच्या सभेत तो श्रोत्यांत बसला होता, आणि त्या वक्त्यानं ती गोष्ट स्वतः पाहिल्यासारखी सांगितली. त्यात म्हाताऱ्याला सून दारातून हाकलते असंही आलं होतं. भरतला उठून ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय सांगणार? तो चपला शोधून बाहेर आला.

रखमाजी शेवटपर्यंत घोडेगावलाच राहिले. सूरज अधूनमधून कामाला सुट्टी असली की येऊन बसायचा, हे हस्तीमलकडून कळायचं. लोक म्हणायचे, बघा, सरांच्या भाषणानं बाप-लेक जवळ आले. भरत ते खोडायला जायचा, तर त्याला लोक विनय समजायचे. आण्याला मात्र रखमाजी परतले नाहीत. त्या गावात त्यांचा जन्म गेला होता, आणि शेवटची वर्षं ते आण्याच्या एसटीलासुद्धा पाठ फिरवून बसायचे, असं सज्जनबाईंनी एकदा भरतला सांगितलं.

ते गेले तेव्हा सूरजनं त्यांना आण्याला आणलं. दहाव्याला ओढ्याकाठी सगळं पठार लोटलं होतं. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत असताना श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. मुंडण केलेला सूरज खाली मान घालून बसला होता, त्याच्याशेजारी हस्तीमल. भरत अगदी मागे बाभळीखाली उभा होता, तरी सूत्रसंचालन करणाऱ्याच्या नजरेला पडला.

"आपल्यात कुटे सर आलेले आहेत. मयताच्या सासुरवाडीचे, आणि विद्यापीठाचे नामवंत व्याख्याते. सरांनी दोन शब्द बोलावेत."

माना वळल्या. सूरजनंही वर पाहिलं. पुढे जाईपर्यंत भरतच्या मनात वाक्यं जुळत होती. सूरजची खोली, बंद पडलेली कंपनी, एकमेकांना सांभाळणारे बाप-लेक. खरं ते सांगून टाकलं तर या पोराच्या माथ्यावरचा बट्टा तरी निघेल. पण त्या खोलीचं वर्णनही लोकांना आवडेल, बाया पदर लावतील, आणि सूरजला पुन्हा सगळ्यांच्या देखत उघडं बसावं लागेल. त्यानं सूरजकडे पाहिलं. सूरजनं कुणाला दिसेल न दिसेल अशी मान हलवली, नाही म्हणून.

भरतनं हातात आलेला माईक परत केला, पिंडाला हात जोडले आणि जागेवर आला.

"सरांना गहिवरून आलं," सूत्रसंचालक म्हणाला. लोकांनी हळहळून माना डोलावल्या, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.