मंगलाबाईंची क्रियापदं

भाषाशास्त्राच्या एम.ए.च्या अकरा गुजराती मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं, असं विद्यापीठाने सांगितलं तेव्हा मयुरीला हसूच आलं होतं. साल पंच्याण्णव. तिची इंजिनिअरिंगची पदवी नवीकोरी होती आणि ही मुलं फळ्यावरचं X = X + 1 पाहून वाद घालत बसायची, की एखादी गोष्ट स्वतःपेक्षाच एकाने मोठी असेल कशी? तीन आठवडे तिने नुसता घसा कोरडा केला. 'जर' आणि 'नाहीतर'ची ओळही कुणाच्या गळी उतरेना.

चौथ्या आठवड्यात किरण नावाचा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, आकडे राहू द्या. एखाद्या भाषेचे नियम मशीनला शिकवूया. आमच्यापैकी कुणालाच येत नाही अशी भाषा हवी."

मयुरी बोलून गेली, "माझी आई अहिराणी बोलते. पण ती कसली भाषा? घरातलं बोलणं नुसतं."

अकराही जण तिच्याकडे असे बघायला लागले, की तिची मान खाली गेली. आई चारचौघांत बोलायला लागली की अवघडून जाणारी ती, मैत्रिणींना नवागाम वस्तीतल्या आपल्या खोलीवर कधी नेत नसे.

मुलांच्या आग्रहावरून मयुरीच्या आई, मंगलाबाई, शनिवारी सकाळी विद्यापीठात आल्या. घरी साड्यांना लेस लावायचं काम अर्धं टाकून, धुतलेलं पातळ नेसून. संगणकाच्या थंडगार खोलीत त्यांनी पदर अंगभर ओढून घेतला आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

किरणने हिंदीत विचारलं, "मासी, एक माणूस काम करतो, हे घरी कसं सांगाल?"

"तो करस."

"आणि पुष्कळ माणसं?"

"त्या करतस." मग त्यांना गंमत वाटू लागली. "तो जास, त्या जातस. तो बसस, त्या बसतस."

मुलं वहीत भराभर लिहीत होती. एक मुलगी ताडकन उठून फळ्याकडे गेली. एकाला शेवटी स, अनेकांना तस. जर मूळ व्यंजनावर संपलं तर स च्या आधी अ, नाहीतर नुसता स. तीन आठवडे न कळलेली ओळ तिने एका दमात लिहिली होती! मयुरीने ती इंग्रजी अक्षरांत मशीनमध्ये घातली. न सांगितलेलं क्रियापद दिलं, तरी पडद्यावर बरोबर रूप उमटलं.

किरणला खोडी सुचली. "मासी, एखादा माणूस झिमटत असेल तर?"

असा शब्दच कुठे नव्हता, त्याने त्याच क्षणी घडवलेला. मंगलाबाई हसल्या. "हाई काय नवं काढं? तो झिमटस. त्या झिमटतस."

मयुरीने बटण दाबलं. jhimatas. jhimattas. आईने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, तरी क्षणभरही अडखळली नव्हती.

मग एकाने 'असणं'चं मूळ घातलं, 'शे'. मशीनने उत्तर दिलं, मयुरीने वाचलं, "तो शेस."

"नई वं," मंगलाबाई म्हणाल्या. "तो शे. त्या शेतस. शेस ते समोरनाले म्हनतस. तू शेस."

फळ्याजवळच्या मुलीने खडू खाली ठेवला आणि दोन्ही हात जोडले. थट्टेने नव्हे. हेच बोलणं ऐकत मयुरी लहानाची मोठी झाली होती. मशीनला जे ओळ ओळ करून सांगावं लागत होतं, ते सगळं, अपवादांसकट, लेस लावणाऱ्या या बाईच्या आत जिवंत होतं, आणि आजवर मयुरीने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

परतताना दोघी रिक्षात बसल्या. उधना स्टेशन मागे पडल्यावर मंगलाबाईंनी विचारलं, "त्या मशीनले कोनी शिकाडं?"

"आम्ही, आई. आज तुझ्यासमोरच की."

"मंग माले कोनी शिकाडं?"

मंगलाबाईंची बोटं मांडीवर नुसतीच हलत होती. त्या ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, झिमटस, झिमटतस. आणखी ऐकावं म्हणून मयुरी त्यांच्याकडे सरकली आणि हळूच, आयुष्यात पहिल्यांदाच आईच्या बोलीत बोलली, "आखो सांग ना, माय."