मधला मोकळा पंधरवडा

मित्रांनो, कॉलेजच्या ऑफिसशेजारी वर्षानुवर्षे भिंतीला टेकून ताटकळत असलेला काचेचा सूचनाफलक तो मी. प्रयोगशाळेची टेबले करून उरलेल्या लाकडातून माझा जन्म झाला. सुताराने अंगावर हिरवे कापड ठोकले, पुढे काच बसवली, कुलूप लावले आणि म्हणाला, "आता याच्यावर लागेल तो कायदा." बिचारा गमतीने म्हणाला होता. कॉलेजने ते मनावर घेतले.

माझ्या भरभराटीच्या काळात निकालाच्या दिवशी काचेवर इतकी नाके टेकत की संध्याकाळी मला ओल्या फडक्याने पुसावे लागे. पुढे निकाल मोबाइलवर गेले आणि मला कुत्रेही विचारेना. आता वर्षातून एकदाच माझे कुलूप उघडते, शैक्षणिक वेळापत्रक लावायला. प्राचार्यांच्या सहीचा तो कागद काचेआड गेला की साक्षात ब्रह्मदेव आला तरी तारीख हलत नाही.

त्या वेळापत्रकात एक गंमत आहे. लेखी परीक्षा मेअखेर संपते, मग पंधरा दिवस काहीच नाही, आणि नंतर तोंडी परीक्षा. हे असे का, ते मला ठाऊक आहे. एका वर्षी इमारतीला रंग काढला होता, मलाही खिळ्यावरून उतरवले होते. रंगाच्या वासाने बाहेरून आलेल्या परीक्षकांना भोवळ आली, म्हणून तोंडी परीक्षा पंधरवडाभर पुढे ढकलली. पुढच्या वर्षी हेडक्लार्क भाऊसाहेबांनी जुन्याच वेळापत्रकावर नवे साल घातले. त्याच्या पुढच्या वर्षीही. रंग केव्हाच वाळला, त्याचे पोपडेही निघाले. पंधरवडा अजून ओला आहे.

यंदा त्यात एक मुलगी अडकली. मैत्रिणी तिला 'पूलवाली' म्हणत, कारण कुठलाही पूल दिसला की ती आधी खाली वाकून त्याचे पोट बघायची. तिला दुसऱ्या शहरातल्या पूल बांधणाऱ्या कंपनीत उन्हाळी इंटर्नशिप मिळाली होती. अट एकच : जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचे. येणार की नाही, ते त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. तोंडी परीक्षा बुडवावी तर वर्ष जाणार.

ती माझ्या शेजारच्या खिडकीशी आली. "भाऊसाहेब, हे मधले पंधरा दिवस कशासाठी हो?"

"मोकळे आहेत."

"पण कशासाठी?"

"अगं, पूर्वीपासून आहेत. कुणा शहाण्यानेच ठेवले असतील ना!"

तो शहाणा तूच रे बाबा! मी काचेआड तडफडलो. पण फलक लोक वाचतात, त्याचे ऐकत कुणी नाही.

तिने आईला फोन लावला. पलीकडचा आवाज पार माझ्यापर्यंत आला. "सांग त्यांना, पंधरा दिवस उशिरा येते म्हणून. त्यांचे पूल काय पळून चाललेत?"

"पूल नाही गं आई, जागा पळेल. माझ्यामागे रांग आहे."

"मग सरांच्या पाया पड."

"पडून झालं. आता डोक्यावर बसायचं राहिलंय," म्हणून ती तडक प्राचार्यांच्या खोलीत शिरली. दार अर्धे उघडेच राहिले.

"सर, तोंडी परीक्षा लेखीनंतर लगेच घ्या ना. सगळ्या वर्गाचंच अडतंय. बाकी कॉलेजांची मुलं कामाला लागतात आणि आम्ही इथे बसून त्यांचे फोटो बघतो."

प्राचार्य माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी भाऊसाहेबांना बोलावले, विभागप्रमुखांना बोलावले, मोकळ्या दिवसांचे कारण विचारले. "चिंतनासाठी असावेत," विभागप्रमुख म्हणाले. ते स्वतः दरवर्षी सासुरवाडीला जाऊन चिंतन करीत.

प्राचार्य गंभीर झाले. "कारण माहीत असतं, तर चुकीचं म्हणून काढून टाकलं असतं. ज्याचं कारणच कुणाला माहीत नाही, त्याला हात कसा लावणार? समिती नेमू."

"कधी बसेल समिती, सर?"

डायऱ्या उघडल्या. सगळे एकदम मोकळे असतील असे दिवस शोधले. ते सापडले जूनच्या पहिल्या पंधरवड्यात.

ती बाहेर आली, तोच फोन वाजला. कंपनीच्या बाई होत्या. "येतेस ना? नाहीतर पुढच्याला कळवते."

तिने माझ्या काचेला कपाळ टेकले. तिच्या श्वासाने तारखा धूसर झाल्या, पुन्हा स्पष्ट झाल्या. एकही बदलली नव्हती.

"कळवा पुढच्याला," ती म्हणाली.

जूनमध्ये समिती बसली, चहा प्यायली, विषय महत्त्वाचा असल्याचे तिने मान्य केले आणि उठली. मग तोंडी परीक्षा झाली, माझ्यासमोरच्याच खोलीत. उकाड्यामुळे दार सताड उघडे होते. बाहेरून आलेले परीक्षक पूलवालीच्या उत्तरांवर खूश दिसले. कौतुकाने त्यांनी विचारले, "वा! उन्हाळ्यात कुठे इंटर्नशिप केलीस वाटतं?"

"नाही सर," ती म्हणाली. "तुमची वाट बघत होते."

मित्रांनो, माझी काच पुसा, बिजागरीला तेल घाला, असे काही मी मागणार नाही. पण मोठेपणी तुमच्यापैकी कुणी हेडक्लार्क झाले, कुणी प्राचार्य झाले, तर वेळापत्रक माझ्या हवाली करण्याआधी त्यातल्या प्रत्येक रिकाम्या जागेला विचारा, बाई गं, तू इथे कशाला? उत्तर आले नाही तर घाबरू नका, समितीही नेमू नका. खोडून टाका.